जमिनीला मत नसतं

रॅपहॅनॉक काउंटीत वाहतुकीचा एकही सिग्नल नाही. 2020 च्या जनगणनेत तिथे 7,348 माणसं मोजली गेली. 1860 मध्ये, अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटण्याच्या आदल्या वर्षी, तिथली लोकसंख्या साडेआठ हजारांच्या वर होती. तेव्हापासून या देशाची लोकसंख्या दहापट झाली आणि ब्लू रिज डोंगरांच्या पायथ्याचा हा मुलूख मात्र होता त्याहून थोडा रिकामाच झाला. तिथून गाडीने सव्वा तासावर अ‍ॅशबर्न आहे. तिथे खिडक्या नसलेल्या प्रचंड डेटा सेंटरांच्या रांगा आहेत आणि त्यांच्या आसपास आमच्यासारख्यांची एकमेकांना चिकटलेली टाउनहाउसं. दिवाळीत या गल्ल्यांमध्ये आकाशकंदील लागतात.

या दोन्ही ठिकाणांचा अमेरिकी काँग्रेसमधला प्रतिनिधी एकच आहे. हा व्हर्जिनिया राज्याचा दहावा मतदारसंघ. शहरातली आणि खेड्यातली माणसं एकाच प्रतिनिधीच्या पदराला बांधली गेली की काय होतं, हे समजून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. इथे राहून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते इथल्या दोन लोकप्रिय समजुतींच्या विरोधात जातं. पहिली समजूत अशी की शहराला आणि खेड्याला वेगवेगळे मतदारसंघ दिले की दोघंही सुखी होतील. दुसरी अशी की लोकसंख्येचा रंग बदलला की राजकारण आपोआप बदलतं, बाकी काही करावं लागत नाही. दोन्ही चूक आहेत. आणि या चुकांची किंमत जी जमीन मोजते आहे तिच्याबद्दल आम्ही नव्याने आलेले लोक फार कमी बोलतो.

आधी भूगोल पाहू. पूर्वेला डलस विमानतळ, त्याच्या बाजूने जाणारा रस्ता क्रमांक 28, आणि त्याच्या दोन्ही अंगांना स्टर्लिंग, अ‍ॅशबर्न, ब्रॅम्बल्टन. पश्चिमेकडे जाताना लीसबर्ग लागतं, हे लाउडन काउंटीचं जुनं मुख्य ठिकाण. तिथून दक्षिणोत्तर जाणारा रस्ता क्रमांक 15 ओलांडला की दहा मिनिटांत देखावा बदलतो. दगडी कुंपणं, घोड्यांची कुरणं, द्राक्षांचे मळे, आणि अडीचशे मैलांहून जास्त लांबीचे खडीचे कच्चे रस्ते, त्यांतले कित्येक अठराव्या शतकातले. दक्षिणेला फॉकीअर काउंटी, तिच्यापलीकडे रॅपहॅनॉक, आणि तिच्या पाठीशी शेनॅन्डोआ राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. याशिवाय प्रिन्स विल्यम काउंटीचा पश्चिम भाग, फेअरफॅक्सचा एक कोपरा आणि मनॅसस व मनॅसस पार्क ही दोन छोटी शहरं. या शहरांत मध्य अमेरिकेतून आलेली स्पॅनिश बोलणारी कष्टकरी वस्ती मोठी आहे.

क्षेत्रफळ पाहिलं तर हा खेड्यांचा मतदारसंघ वाटेल. फॉकीअर आणि रॅपहॅनॉक मिळून लाउडनच्या पावणेदोनपट जमीन आहे. पण माणसं मोजली की चित्र उलटतं. 2020 च्या जनगणनेनुसार व्हर्जिनियाच्या प्रत्येक मतदारसंघात सुमारे 7 लाख 84 हजार माणसं असायला हवीत. त्यांतली 4 लाख 20 हजार 959 एकट्या लाउडनमध्ये आहेत, म्हणजे निम्म्याहून जास्त. फॉकीअरमध्ये 72,972. रॅपहॅनॉकचा वाटा शंभरातला एकसुद्धा भरत नाही.

लाउडनचे आकडे सलग वाचावेत असे आहेत. 1960 मध्ये 24,549. 1980 मध्ये 57,427. 2000 मध्ये 1,69,599. 2010 मध्ये 3,12,311. साठ वर्षांत सतरापट. याचं श्रेय सहसा संगणकाला दिलं जातं. मला वाटतं, गोष्टीची सुरुवात गटारापासून करायला हवी. 1962 मध्ये डलस विमानतळ सुरू झाला तेव्हा आजूबाजूला दुभत्या गाईंची शेतं होती. एवढ्या मोठ्या विमानतळाचं सांडपाणी वॉशिंग्टनच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत न्यायला संघ सरकारने पोटोमॅक नदीच्या कडेने एक मोठी वाहिनी टाकली. जिथे सांडपाण्याची सोय होते तिथे दाट वस्ती बांधता येते, हे कोणत्याही बिल्डरला सांगावं लागत नाही. विमानतळासोबतच स्टर्लिंग पार्कची वसाहत उभी राहू लागली. पुढे 1995 मध्ये डलस ग्रीनवे हा खासगी टोलरस्ता आला, 1996 मध्ये अमेरिका ऑनलाइनने आपलं मुख्यालय लाउडनमध्ये हलवलं, जमिनीखाली फायबरच्या तारांचं जाळं पसरलं आणि त्या तारांच्या ओढीने डेटा सेंटरं आली. नोव्हेंबर 2022 मध्ये मेट्रोची सिल्व्हर लाइन अ‍ॅशबर्नला पोचली. यांतली कोणतीही गोष्ट ठरवताना रॅपहॅनॉकमधल्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. खरं तर आम्हालाही नव्हतं, कारण आम्ही तेव्हा इथे नव्हतोच.

मतदारसंघाची हद्दही या वाढीमागून चालत आली. सध्याचा दहावा मतदारसंघ 1952 च्या निवडणुकीपासूनचा. तेव्हा तो वॉशिंग्टनला खेटून असलेल्या अर्लिंग्टन, अलेक्झांड्रिया, फेअरफॅक्स या भागांचा होता. उपनगरं दाटत गेली, दर दहा वर्षांनी जनगणना झाली, रेषा पुन्हा आखल्या गेल्या आणि दहावा क्रमांक हळूहळू पश्चिमेकडे सरकला. मधल्या काळात तो पार विंचेस्टरपर्यंत गेला होता. 2021 मध्ये राज्याने नेमलेल्या द्विपक्षीय आयोगाचं एकमत होऊ शकलं नाही, तेव्हा व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बर्नार्ड ग्रोफमन आणि शॉन ट्रेंड या दोन तज्ज्ञांकडून नकाशा करून घेतला. त्या नकाशाने विंचेस्टर काढून घेतलं आणि फॉकीअर, रॅपहॅनॉक जोडले. रॅपहॅनॉक त्याआधी ज्या पाचव्या मतदारसंघात होतं तो थेट नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेला भिडत होता.

म्हणूनच ‘आमचा जुना ग्रामीण मतदारसंघ शहरवाल्यांनी गिळला’ ही पश्चिमेकडे ऐकू येणारी तक्रार मला जशीच्या तशी मान्य करता येत नाही. दहावा मतदारसंघ मुळात ग्रामीण कधी नव्हता. आणि त्याहून मागे गेलं तर अन्यायाची दिशा उलटी दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्हर्जिनियावर हॅरी बर्ड यांच्या राजकीय यंत्रणेची पकड होती. तिची ताकद खेड्यांत होती आणि मत देण्यासाठी भराव्या लागणाऱ्या पोल टॅक्समुळे कृष्णवर्णीय आणि गरीब गोरे मतदानापासून दूर ठेवले जात. राज्याच्या विधिमंडळात अर्लिंग्टन आणि फेअरफॅक्सच्या लोकांना त्यांच्या संख्येपेक्षा फार कमी जागा मिळत. त्यांनी खटला भरला. ‘डेव्हिस विरुद्ध मॅन’ हा तो खटला. 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी काँग्रेसच्या मतदारसंघांनाही हेच तत्त्व लागू झालं. प्रतिनिधी माणसांचा असतो, झाडांचा किंवा एकरांचा नसतो, अशा अर्थाचं सरन्यायाधीश वॉरन यांचं विधान त्याच काळातलं.

ते तत्त्व न्याय्य आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. ज्यांच्याकडे जमीन जास्त त्यांचं वजन जास्त, ही व्यवस्था आपल्यालाही अनोळखी नाही. ती परत यावी असं कुणाही लोकशाहीवाद्याला वाटणार नाही. पण न्याय्य तत्त्वाचेही परिणाम असतात आणि ते बघायला हवेत. जमिनीला मत नसतं, पण जमिनीवर निर्णय होतात. ज्यांच्याकडे मतं असतात ते निर्णय घेतात आणि ज्यांच्याकडे जमीन असते ते त्या निर्णयाखाली राहतात. लाउडनच्या नऊ जणांच्या काउंटी मंडळातही हेच गणित आहे. पश्चिमेची बाजू तिथे कायम अल्पमतात.

विजेचंच पाहा. अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरांना इतकी वीज लागते की 2022 च्या उन्हाळ्यात वीज कंपनीने जाहीर केलं, पूर्व लाउडनमधल्या नव्या केंद्रांना पुरेशी वीज पोचवण्याएवढ्या वाहिन्याच नाहीत. मग नव्या उच्चदाब वाहिन्यांचे प्रस्ताव आले. वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूने येणाऱ्या तारा पश्चिम लाउडनच्या शेतांवरून न्यायच्या. डेटा सेंटरांच्या करामुळे काउंटीच्या तिजोरीत भर पडते. गेल्या दशकात आमच्या घरपट्टीचा दर उतरत गेला तो मोठ्या अंशी त्यामुळे. म्हणजे लाभ काउंटीभर वाटला जातो आणि मनोरे ज्याच्या बांधावर उभे राहायचे तो माणूस ठरलेला असतो. त्यातही एक गोष्ट मला बोचते. जगभरातल्या इंटरनेटचा मोठा ओघ ज्या काउंटीतून वाहतो, तिच्याच पश्चिम भागातल्या हजारो घरांना बरं इंटरनेट मिळावं म्हणून सरकारी अनुदानाची योजना आखावी लागली. नळाचा मुख्य जलकुंभ गावात आणि गावाच्या वरच्या आळीला टँकर, असा हा प्रकार.

या मतदारसंघातल्या खेड्याची गोड कल्पना करून घेण्यातही अर्थ नाही. पश्चिम लाउडनमधल्या मिडलबर्गच्या आसपासची कुरणं श्रीमंतांची आहेत. तिथे शेती म्हणजे अनेकदा घोडे आणि मोठाली इस्टेट. रॅपहॅनॉकमध्ये बहुतेक ठिकाणी पंचवीस एकरांमागे एकच घर बांधता येतं. या नियमाने डोंगर वाचला, पण शिक्षकाला आणि शेतमजुराला परवडेल असं घर तिथे उभं राहणं कठीण झालं. तरुण बाहेर पडतात आणि गाव म्हातारं होतं. फॉकीअरमध्ये एक लाख एकरांहून जास्त जमिनीवर ‘इथे कधीही वसाहत होणार नाही’ अशी कायमची कायदेशीर अट तिच्या मालकांनी स्वतःहून घातली आहे. याबद्दल मला आदर आहे. पण त्याबदल्यात करसवलतही मिळते आणि शेजारचा भूखंड जास्त मोलाचा होतो, हेही खरं. खेड्यातल्या सगळ्यांचं सारखं चालत नाही. मिडलबर्गजवळ सेंट लुईस आणि विलिसव्हिल या वस्त्या गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी वसवल्या. ‘जुने रहिवासी’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर त्यांचा चेहरा येत नाही, पण त्यांची मुळं बहुतेक इस्टेटींच्या आताच्या मालकांपेक्षा खोल आहेत, आणि नव्या बंगल्यांच्या वसाहतींचा धोका त्यांना सर्वांत आधी जाणवतो.

मग शहर-खेडं वेगळं का करू नये? दाट वस्तीचा एक मतदारसंघ, डोंगर-कुरणांचा दुसरा. अमेरिकेत आज बहुतेक मतदारसंघ तसेच झाले आहेत आणि त्याचं फळ आपण पाहतो आहोत: प्रतिनिधीला फक्त आपल्यासारख्यांनाच उत्तर द्यावं लागतं. 2025 मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता दशकाच्या मधेच रेषा बदलल्या, त्यामागचा हिशेबही तोच होता: मतदारांनी प्रतिनिधी निवडण्याऐवजी पक्षांनी मतदार निवडायचे. मिश्र मतदारसंघ यावरचा रामबाण उपाय नाही. रॅपहॅनॉकची सात हजार माणसं पावणेआठ लाखांत विरघळून जातात, हा आक्षेप खराच आहे. तरी मी मिश्र मतदारसंघाच्या बाजूने आहे. कारण विजेची तार, नदी, सांडपाणी, विमानाचा आवाज आणि रस्त्यावरची वाहनांची रांग यांना शहर-खेड्याची रेषा कळत नाही. ज्या तारेचं एक टोक अ‍ॅशबर्नमध्ये आणि खांब पश्चिम लाउडनमधल्या पर्सेलव्हिलच्या शेतात, तिचा वाद एकाच प्रतिनिधीच्या दारात आला तर त्याला दोन्हीकडचं ऐकावं लागतं. दोन मतदारसंघ असतील तर एक प्रतिनिधी तारेच्या बाजूने भाषण करील, दुसरा खांबाच्या विरोधात, आणि तार जिथे जायची तिथे जाईल.

अर्थात ऐकावं लागतं ते निवडणूक चुरशीची असेल तरच. इथेच दुसरी समजूत समोर येते. लाउडनने 1964 नंतर थेट 2008 मध्ये, ओबामांच्या वेळी, डेमोक्रॅट उमेदवाराला राष्ट्राध्यक्षपदासाठी कौल दिला. रिपब्लिकन फ्रँक वुल्फ यांनी 1981 ते 2015 अशी चौतीस वर्षं दहावा मतदारसंघ राखला. त्यांच्यानंतर बार्बरा कॉमस्टॉक आल्या; 2018 मध्ये डेमोक्रॅट जेनिफर वेक्स्टन यांनी त्यांना सुमारे बारा टक्क्यांच्या फरकाने हरवलं. तेव्हा सगळे म्हणाले, आशियाई लोक आले, हा मतदारसंघ आता कायमचा निळा, म्हणजे डेमोक्रॅटांचा, झाला. आकडेही तसेच दिसत होते: लाउडनमध्ये आज दर पाच माणसांत एक आशियाई आहे आणि त्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा. पण 2022 मध्ये फरक साडेसहा टक्क्यांवर आला. तेव्हा रिपब्लिकनांचे उमेदवार होते हंग काओ, लहानपणी व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेले. 2024 मध्ये डेमोक्रॅट सुहास सुब्रमण्यम निवडून आले. व्हर्जिनियातून काँग्रेसमध्ये गेलेले ते पहिले भारतीय वंशाचे प्रतिनिधी, आणि त्यांनी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. आमच्या घरांत त्या दिवशी आनंद झाला. पण त्यांच्या विजयातला फरक पाच टक्क्यांहून कमी होता. त्याच निवडणुकीत राष्ट्राध्यक्षपदासाठी लाउडनमधली डेमोक्रॅटांची आघाडीही चांगलीच घटली. शाळांवरचा 2021 मधला वाद, महागाई, टोल, घरांच्या किमती या गोष्टींवर नव्याने आलेली कुटुंबंही आपापलं डोकं चालवतात. वर्णावरून आणि आडनावावरून मत ओळखणारे इथे वारंवार तोंडघशी पडले आहेत. मला हे चिन्ह आशादायक वाटतं. ज्या समाजाचं मत गृहीत धरता येत नाही, त्याच्याकडे उमेदवाराला यावं लागतं.

आता आमच्याबद्दल. जनगणना माणसं मोजते, मतदार नाही. राज्यघटनेची चौदावी दुरुस्तीच तसं सांगते. विधिमंडळांच्या बाबतीतही लोकसंख्या हाच आधार धरता येतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिला. हा नियम मला योग्यच वाटतो. लहान मुलांना मत नसतं म्हणून त्यांची शाळा कमी महत्त्वाची होत नाही. पण त्याचा इथला अर्थ नीट समजून घ्यायला हवा. अ‍ॅशबर्नमधल्या कित्येक भारतीय घरांत आईवडील एच-वन-बी व्हिसावर आहेत. ग्रीनकार्डाच्या वार्षिक कोट्यातला सात टक्क्यांहून जास्त वाटा कोणत्याही एका देशाला मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. ही माणसं गणतीत आहेत, करदात्यांच्या यादीत आहेत, शाळेच्या पालकसभेत आहेत. मतदारयादीत नाहीत. मतदारसंघाचं केंद्र पूर्वेकडे ओढण्यात त्यांच्या डोक्यांचं वजन आहे, पण त्यांना हात वर करता येत नाही. पश्चिमेकडच्या मतदाराला वाटतं, ही मंडळी आली आणि आमचा आवाज गेला. आणि ‘ही मंडळी’ स्वतःच बिनआवाजाची. दोघांचंही गाऱ्हाणं एकाच गणितातून आलं आहे, हे दोघांनी एकत्र बसून कधी बोललेलं मी पाहिलं नाही.

आमचा पश्चिमेशी संबंध ऑक्टोबरातला. शनिवारी मुलांना घेऊन जायचं, सफरचंदं तोडायची, भोपळा आणायचा, पानांचे रंग बघायचे, फोटो काढायचे. त्या बागेच्या मालकाचा पुढचा प्रश्न काय आहे, हे आम्ही विचारत नाही. विचारायला हवं, कारण आम्हाला तो कळू शकतो. आमच्यातल्या अनेकांनी हिंजवडीची भातखाचरं आणि खराडी-वाघोलीची शेतं डोळ्यांदेखत नाहीशी होताना पाहिली आहेत. काहींच्या घरच्याच जमिनी त्यात गेल्या. रस्ता आधी की इमारत आधी, पाणी कुठून आणायचं, पैसे मिळालेला भाऊ आणि न मिळालेला भाऊ, हे सगळं आम्ही जगलो आहोत. एवढं जगून आलेला माणूस इथे आल्यावर ‘आपल्याला काय त्याचं, आपण बाहेरचे’ म्हणत असेल, तर ते मला पटत नाही. वीस वर्षं घरपट्टी भरल्यावर कोणी बाहेरचा राहत नाही.

आणि माणसं उठली की फरक पडतो, हे याच मातीने दाखवलं आहे. 1993 मध्ये डिस्नेने प्रिन्स विल्यम काउंटीत हेमार्केटजवळ अमेरिकेच्या इतिहासावर मोठं मनोरंजन उद्यान उभारायचं जाहीर केलं. तिथून जवळच मनॅससची रणभूमी आहे, जिथे 1861 आणि 1862 मध्ये हजारो माणसं पडली. पिडमाँट एन्व्हायर्नमेंटल कौन्सिल ही फॉकीअरमधल्या वॉरेंटनची संस्था, डेव्हिड मॅक्युलॉसारखे इतिहासकार आणि परिसरातले रहिवासी उभे राहिले आणि सप्टेंबर 1994 मध्ये डिस्नेने माघार घेतली. हेही विसरता येत नाही की त्या परिसरात पुढे घरांच्या वसाहती झाल्याच. एकदा जिंकलं की संपलं, असं जमिनीच्या बाबतीत होत नाही. 2023 मध्ये वॉरेंटनच्या नगरपरिषदेने अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरला परवानगी दिली तेव्हा फॉकीअरमध्ये राहणारे अभिनेते रॉबर्ट डुव्हाल यांनीही सभेत उभं राहून विरोध केला होता. मार्च 2025 मध्ये लाउडनच्या मंडळाने डेटा सेंटरांना आपोआप मिळणारी परवानगी बंद केली. आता प्रत्येक नवा प्रस्ताव सुनावणीत यावा लागतो.

त्या सुनावण्यांत काही मिनिटं बोलता येतं, आणि बोलायला नागरिकत्व लागत नाही. नाव नोंदवायचं, माइकसमोर उभं राहायचं, आपला पत्ता सांगायचा आणि मुद्दा मांडायचा. अ‍ॅशबर्नमधल्या मराठी वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी तुमच्या घराजवळच्या तारेबद्दल बोलायला जाल, तेव्हा त्या मिनिटांतलं एक मिनिट पर्सेलव्हिलच्या शेतातल्या खांबासाठी ठेवा. आणि ज्यांना मत आहे त्यांनी ते फक्त चार वर्षांतून एकदा वापरू नका. व्हर्जिनियात दरवर्षी नोव्हेंबरात मतदान असतं.